लीव्हरपाशी थांबलेला हात

मे महिना लागला की समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचा पत्रा दुपारी तीनच्या सुमाराला वाजायला लागतो. ऊन चढतं तसा तो ताणतो आणि मधूनच टण्ण करतो. सदाशिव पेठेत कुणाला त्याचं काही वाटत नाही. खाली क्लासची मुलं उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभी असतात, दवाखान्याच्या पायरीवर पेशंट डुलक्या काढत असतात. मी मात्र दचकते. "काय झालं?" नवरा विचारतो. मी म्हणते, "काही नाही, पत्रा."

तो आवाज मला तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात नेतो. तेव्हा अशाच एका पत्र्याखाली मी रोज आठ तास बसत होते.

सकाळी स्कूटर काढायची, नदी ओलांडायची, येरवड्याच्या पुढे जुन्या कारखान्यांच्या गल्लीत शिरायचं. गल्लीच्या टोकाला गुलमोहर होता आणि त्याच्यामागे आमची शेड. आत गेलं की आधी ग्रीसचा आणि तापलेल्या वायरींचा वास यायचा, मग डोळे सरावले की विमानाचं नाक दिसायचं. नुसतं नाक: दोन सीट, काचेच्या जागी पडदे, पुढे घड्याळं आणि लीव्हर. शेजारी लोखंडी घोडीवर पंखाचा एक खराखुरा तुकडा. या विमानाला चाकं नव्हती, शेपूट नव्हती. ते शेडमधून कधीच कुठे जाणार नव्हतं.

विमान उतरताना खिडकीशी बसलेल्यांनी पाहिलं असेल, पंखाच्या मागच्या कडेचा एक लांब पट्टा हळूहळू बाहेर सरकतो आणि खाली झुकतो. तो फ्लॅप. वेग कमी झाला तरी विमान हवेत टिकून राहावं म्हणून तो खाली घेतात. फार आधी घेतला तर वाऱ्याच्या जोराने तो मोडू शकतो. घ्यायचा राहिला तर विमान नको तितक्या वेगाने जमिनीकडे येतं. उतरतानाच्या त्या थोड्या मिनिटांत वैमानिकाला वेग, उंची, वारा, रेडिओ, चाकं असं सगळं एकदम सांभाळायचं असतं. त्यातलं एक काम कमी करावं, फ्लॅप कॉम्प्युटरने आपला आपण हलवावा, हा आमचा प्रकल्प होता. लहान विमानांसाठी. ते बनवणारे वेगळे होते. मी तपासणारी. जे घडलं ते जसंच्या तसं लिहायचं, एवढंच माझं काम.

पंख आणि नाक सलीमभाईंनी उभं केलं होतं. मोमीनपुऱ्यातलं चार पिढ्यांचं घर, आजोबा कुलपं दुरुस्त करायचे, वडील शिवणयंत्रं, आणि हे आमच्याकडे विमान. पन्नाशीचे, कमी बोलणारे, कानाला पेन्सिल लावलेले. आणि त्या नाकात बसून दिवसातून वीस वेळा विमान "उतरवणारे" कॅप्टन साने. हवाई दलातून निवृत्त झालेले, नंतर कितीतरी वर्षं मुलांना उडायला शिकवलेले. एकसष्ट वय, ताठ पाठ, इस्त्रीचा पांढरा शर्ट. पहिल्या दिवशी आमच्या यंत्राभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "विमान उत्तम आहे. उडत नाही, त्यामुळे पडणारही नाही." कुणी हसलं नाही, तेव्हा स्वतःच हसले.

पद्धत साधी होती. अर्धा दिवस ते फ्लॅप हाताने हलवायचे, अर्धा दिवस कॉम्प्युटर. प्रत्येक उतरण्यानंतर डोक्यावर किती ताण आला, त्याला ते एक ते दहामध्ये गुण द्यायचे. कॉम्प्युटरबरोबर दोन किंवा तीन. हाताने सहा, सात. मी पाठीमागे खुर्चीत बसून लिहून घ्यायचे. डोक्यावर पत्रा वाजायचा. दुपारी सलीमभाई डब्यातल्या कैरीच्या फोडी पुढे करायचे, तिखटमीठ लावलेल्या, आणि आमच्या तिघांच्याही डोळ्यांतून पाणी यायचं.

एप्रिलच्या शेवटी मी सगळे आकडे एका आलेखात मांडले. आमचा प्रमुख रोहित माझ्याहून दहा वर्षांनी लहान. स्क्रीन बघून खुर्चीतून उठलाच. "अनघा मॅडम, गॅप बघा ना! दर आठवड्याला ऑटो आणि मॅन्युअलमधला गॅप वाढतोय. सिस्टीम इम्प्रूव्ह होतेय. हा ग्राफ डायरेक्ट प्रेझेंटेशनला टाकू."

मीही खूश झाले. घरी जाताना लक्ष्मी रस्त्यावरून आंबे घेतले. रात्रीच्या जेवणाला रस केला. आमरसाची वाटी तोंडाला लावली आणि एक गोष्ट लक्षात आली. वाटी तशीच खाली ठेवली.

सहा आठवड्यांत आम्ही यंत्रात काहीच बदललं नव्हतं. एक ओळसुद्धा नाही. मग ते सुधारेल कसं?

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये कुणी यायच्या आधी मी जाऊन बसले. दोन्ही रेषा वेगळ्या काढल्या. कॉम्प्युटरची रेषा सरळ होती, टेबलावर ठेवलेल्या पट्टीसारखी. अंतर वाढत होतं ते दुसऱ्या रेषेमुळे. वेग योग्य जागी आला की हात लीव्हरकडे जायला किती वेळ लागतो, ते यंत्र नोंदवत होतं. मार्चमध्ये दोन सेकंद. एप्रिलच्या सुरुवातीला चार. मग सहा. मग नऊ. आणि गेल्या गुरुवारी एकदा हात गेलाच नव्हता. त्या दिवशी ते म्हणाले होते, "उकडतंय हो फार," आणि आम्ही पंखा वाढवला होता.

यंत्र सुधारत नव्हतं. माणूस कमी होत चालला होता. आणि यंत्र चालू असलं की ते कुणालाच दिसत नव्हतं.

भीती कशी येते, ते मला त्या सकाळी कळलं. ती छातीत आली नाही. आधी बोटं गार पडली, एप्रिलच्या त्या उकाड्यात. कारण दोन आठवड्यांनी खरं उड्डाण होतं. पुण्याबाहेरच्या एका लहान धावपट्टीवरून, खऱ्या विमानात. त्यात उतरताना कॉम्प्युटर मुद्दाम बंद करायचा होता, फ्लॅप हातानेही घेता येतो हे दाखवायला. विमानात दोनच जण असणार होते. डावीकडे कॅप्टन साने. उजवीकडे, मांडीवर लॅपटॉप घेऊन, मी.

सलीमभाई आले, त्यांना बाजूला घेतलं. "तुम्हाला काही वेगळं जाणवलंय का? सरांच्या हातात?"

त्यांनी कानावरची पेन्सिल काढून लीव्हरकडे दाखवली. "मला वाटलं लीव्हर जड झालाय," ते म्हणाले. "तीनदा तेल घातलं, मॅडम. लीव्हर चांगला आहे. त्यांचा हात जातो, आणि मध्येच थांबतो. आपण स्वयंपाकघरात जातो आणि कशाला आलो ते आठवत नाही, तसा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोललात?"

मी त्या दिवशीही बोलले नाही, आणि पुढचे चार दिवस. आज लिहितानाही त्या चार दिवसांची लाज वाटते. मला कशाकशाची भीती वाटत होती! आकडे चुकीचे असतील याची. बरोबर असतील याची. एका माणसाची चाळीस वर्षं मी एका कागदावर पुसून टाकीन याची. आणि सगळ्यात खाली, जिथे आपण स्वतःशीही नीट बोलत नाही तिथे, ही, की मी हे त्यांच्यासाठी करत नाहीये, त्या उजव्या सीटवर बसायचं नाही म्हणून करतेय. रोज ते यायचे, "काय अनघा, आज किती वेळा आपटायचं?" विचारायचे, आणि मी हसायचे. हसताना जबडा दुखायचा. हाताने उतरवायची पाळी आली की मी पेन इतकं घट्ट धरायचे की बोटावर खळगा पडायचा. मनात मोजायचे. एक, दोन, तीन. हात उचलला जायचा. चार, पाच. पडद्यावरची धावपट्टी वर येत राहायची. सहा. मला ओरडावंसं वाटायचं, फ्लॅप, सर, फ्लॅप! तपासणाऱ्याने बोलायचं नसतं. आठ. मग खट्ट. फ्लॅप खाली. ते मागे वळून बघायचे, आणि त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसायचं, की घाबरलेली मी एकटी नाही.

रविवारी आलेखाची प्रत पिशवीत घालून मी कॅप्टनच्या घरी जायला खडकवासल्याच्या रस्त्याला लागले. धरणाच्या भिंतीपाशी कणसंवाले, भजीवाले, फोटो काढणारी जोडपी. मी दोनदा स्कूटर थांबवली. दोनदा वाटलं, परत फिरावं.

दार नलिनीताईंनी उघडलं. त्यांची बायको, शाळेतून निवृत्त झालेल्या. "अहो, ऑफिसातून आल्यात," त्यांनी आत सांगितलं आणि मला पन्हं आणून दिलं. मी विचारलं, सर रोज इतक्या लांब गाडी चालवत येतात का. "छे, मीच सोडते हल्ली. मार्चपासून. म्हणतात, वैमानिकाला ड्रायव्हर हवाच," त्या हसून म्हणाल्या. मी पन्ह्याचा पेला दोन्ही हातांनी धरला.

कॅप्टन बाहेर आले. मी काही प्रस्तावना केली नाही, करता आली नसती. कागद पुढे ठेवला. आयुष्यभर असले कागद वाचलेला माणूस. त्यांनी चष्मा लावला, आधी खालची रेषा बघितली, मग वरची, मग तारखा. नलिनीताई आत गेल्या होत्या. कुकरची शिट्टी झाली.

"बरोबर आहे हा?"

"चार दिवसांत चारदा तपासलाय, सर."

"मग घाबरलात कशाला? बरोबर असेल तर सांगून मोकळं व्हायचं."

"बरोबर आहे म्हणूनच घाबरले."

त्यांनी कागद उलटा ठेवला. मग खालच्या आवाजात, आतल्या खोलीकडे बघत सांगितलं. मार्चमध्ये, याच रस्त्यावर, धरणाच्या अलीकडच्या फाट्यावर ते थांबले होते. डावीकडे की उजवीकडे, कळेना. वीस वर्षं ज्या फाट्यावरून घरी आले तो. मागून हॉर्न वाजत होते. त्यांनी गाडी कडेला घेतली, दिवे लुकलुकत ठेवले आणि बसून राहिले. "नलिनीला सांगितलं, इंजिन तापलं होतं. आयुष्यात इतका कधी घाबरलो नाही. वर, हवेत, इंजिन बंद पडलेलं असतानाही नाही. तेव्हा काय करायचं ते ठाऊक होतं."

आत कुकरची दुसरी शिट्टी झाली.

"तुमचं मशीन चालू असलं ना, की मला काही होत नाही," ते म्हणाले. "सगळं शांत होतं. मी पूर्वीचा होतो. मला वाटलं, हे विमानात बसलं की मी अजून काही वर्षं..." वाक्य तिथेच राहिलं. मग त्यांनी एकदम विचारलं, "हा कागद कुणी पाहिलाय?"

"कुणीच नाही."

"रोहितने?"

"नाही."

"नऊ-दहा दिवस थांबाल?" त्यांचा आवाज इतका हळू झाला, की तो त्यांचा वाटेना. "एकच उड्डाण. शेवटचं. मग मी स्वतः सोडीन. हाताने उतरवायचं ते मी पाठ करीन. रोज शंभर वेळा करीन."

ज्या माणसाने कुणाकडे कधी पेनही मागितलं नसेल, तो मागत होता. हो म्हणणं किती सोपं होतं. मी खिडकीबाहेर बघितलं, धरणाच्या बाजूने काळे ढग चढत होते, वळवाचे.

"सर, शेजारच्या सीटवर मी आहे."

एवढंच म्हणाले मी. यापेक्षा चांगलं, थोर काही सुचलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. सहा सेकंद गेले असतील, आठ गेले असतील, मोजायची सवयच लागली होती. मग त्यांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला, आणि माझ्यासमोर रोहितला फोन लावला. "साने बोलतोय. मी उडणार नाहीये. कारण अनघाकडे आहे. तिने चार दिवस उशिरा सांगितलं, तेवढं तिच्या नावावर लिहा." फोन ठेवून आत हाक मारली, "नलिनी, जरा बाहेर ये. मला तुला एक सांगायचंय. ते इंजिन तापलं नव्हतं." मी पेला खाली ठेवला आणि निघाले. वाटेत पाऊस आणि गारा. भिजतच स्कूटर चालवली.

पुढचं डॉक्टरांनी सांगितलं ते आम्ही ओळखलंच होतं. उड्डाण पुढे गेलं. मला वाटलं, कॅप्टन साने आता आम्हाला दिसणार नाहीत. पुढच्या बुधवारी सकाळी नलिनीताईंची गाडी गुलमोहराखाली थांबली आणि ते उतरले. पांढरा शर्ट, इस्त्री.

"तुमचं मशीन तुम्ही चुकीचा माणूस धरून तपासलंत," ते रोहितला म्हणाले. "ज्याला सगळं आठवतं त्याला मदत कशाला हवी? तुम्हाला विसरणारा पायलट हवा. तो आता तुमच्याकडे आहे. जमिनीवर बसवा. आपटलो तरी पत्र्याच्या बाहेर जाणार नाही."

रोहितने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "सर, तुम्हाला... आय मीन, त्रास होईल."

"होईल. लिहून घ्या."

असे पाच बुधवार. मी आयुष्यात इतकी भयंकर गोष्ट बघितलेली नाही, आणि इतकी धीराचीही. ते बसायचे, उतरवायचे, चुकायचे, आणि चुकलं कुठे ते स्वतः सांगायचे. "इथे मी रेडिओ ऐकत होतो आणि फ्लॅप डोक्यातून गेला. तुमच्या मशीनने गुपचूप खाली केला. मला कळलंच नाही. हे वाईट. मला न विचारता केलेलं काम माझं नाही. पुढच्या वेळी मी तोच फ्लॅप परत वर करीन." म्हणून आम्ही ते बदललं. आता यंत्र आधी विचारायचं. स्पीकरमधून आवाज यायचा: फ्लॅप घेऊ? वैमानिकाने हो म्हणायचं किंवा बटण दाबायचं. उत्तर आलंच नाही तर सहा सेकंद थांबून ते स्वतः घ्यायचं आणि घेतल्याचं मोठ्याने सांगायचं. आज ते यंत्र खऱ्या विमानांत आहे. ते खरं उड्डाण पावसाळ्यानंतर दुसऱ्या वैमानिकाने केलं. मी उजव्या सीटवर होते, सुखरूप उतरले. त्याची मला फारशी आठवणसुद्धा नाही.

आठवतो तो पाचवा बुधवार. जूनची सुरुवात, तरी पाऊस नाही, पत्रा सकाळपासून वाजत होता. कॅप्टन आले तेव्हाच गप्प होते. सलीमभाईंनी सीटचा पट्टा त्यांच्याऐवजी लावून दिला. त्यांनी लावू दिला. दोन वेळा ठीक झालं. तिसऱ्यांदा विमान खाली येत होतं, धावपट्टी पडद्यावर मोठी होत होती, स्पीकरने विचारलं, फ्लॅप घेऊ?

ते समोर बघत राहिले. हात लीव्हरवर होता, घट्ट, बोटांची पेरं पांढरी झालेली. एक. दोन. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. चार. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, पळून आलेल्या माणसासारखा. पाच. सहा. पंखाची मोटर घरघरली, फ्लॅप खाली आला, स्पीकर काहीतरी बोलला आणि विमान मऊ टेकलं. त्या उन्हाळ्यातलं सगळ्यात सुरेख उतरणं.

कॅप्टन सावकाश मागे वळले. मला बघितलं, सलीमभाईंना बघितलं. डोळ्यांत फाट्यावरचा माणूस होता.

"फ्लॅप कुणी खाली केला?"

"मशीनने, सर."

"मला विचारलं का?"

माझ्यासमोर नोंद उघडी होती. मी ती नंतर जशीच्या तशी अहवालात उतरवली: वैमानिकाचा प्रतिसाद नाही, यंत्राने सहा सेकंदांनी स्वतः कृती केली. पण तेव्हा मी खुर्चीतून उठले, त्यांच्या शेजारी, उजव्या सीटवर जाऊन बसले.

"विचारलं ना, सर," मी म्हणाले. "तुम्ही हो म्हणालात."

सलीमभाईंनी मान खाली घातली.

"हो म्हणालो ना," कॅप्टन म्हणाले. "मग ठीक आहे." आणि लीव्हरवरचा हात त्यांनी काढून घेतला.